थांबलेली पेशी आणि राहिलेले शेक

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. खटाव तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एक मावशी मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. वय साठीच्या पुढे. गालाच्या आतल्या बाजूला कर्करोगाची गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर मिरजेला ३० शेक घ्यायला सांगितले होते. किरणोपचाराला आपल्याकडे कोणी शेक म्हणतात, कोणी लाईट म्हणतात. १४ शेक झाले आणि मावशी गावी परतल्या. पाच शेक बुडाले होते.

"डॉक्टर, आपरेशन झालं तवा येवढं दुखत नव्हतं. शेकानं समदं तोंड सोलून निघालंय. भाकरी सोडा, पाणीबी गिळवंना. आता ऱ्हाऊ द्या त्यो शेक," मावशी म्हणाल्या.

मुलगा म्हणाला, "चांगल्या मांसालाबी शेक लागतोय, मग त्यो घ्यायचा कशापायी? आन् द्यायचाच हुता तर एकदाच द्यायचा. तीस तीस हेलपाटं कशाला?"

दोन्ही प्रश्न अगदी रास्त होते. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच प्रश्न एका गृहस्थांनी मला विचारला होता. दवाखान्यात गर्दी होती. मी म्हणालो, "सांगितले आहेत तेवढे घ्या, शंका काढू नका." त्यांनी मान हलवली आणि ते शेकाला परत गेलेच नाहीत. पाच महिन्यांनी मानेत गाठ घेऊन आले, तेव्हा फारसे काही करण्यासारखे उरले नव्हते. चूक त्यांची नव्हती, माझी होती. म्हणून या वेळी मी मावशींना आणि त्यांच्या मुलाला खुर्चीवर बसवले आणि सारे उलगडून सांगितले. तेच आज वाचकांना सांगणार आहे.

पेशीतला धागा

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा दुपदरी धागा असतो. एका पेशीतला हा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. पण तो डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात गुंडाळून ठेवलेला असतो. पेशीने काय करायचे, कधी वाढायचे, कधी मरायचे, ही सारी माहिती त्या धाग्यावर लिहिलेली असते.

कातडी, तोंडाचे अस्तर, आतड्याचे अस्तर, रक्त या ठिकाणच्या पेशी सतत झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या तयार होतात. तोंडाचे अस्तर तर साधारण आठ-पंधरा दिवसांत नवे होते. नवी पेशी तयार होते ती एका पेशीच्या दोन पेशी होऊन. त्यासाठी आधी संपूर्ण धाग्याची नक्कल करावी लागते, म्हणजे दोघींना एकेक प्रत मिळते.

या धाग्याला रोज इजा होत असते. उन्हातले अतिनील किरण, तंबाखूतली रसायने, क्ष-किरण यांनी तर होतेच. पण पेशीच्या स्वतःच्या रोजच्या व्यवहारातूनही होते. एकेका पेशीत रोज हजारो ठिकाणी बारीकसारीक बिघाड होतात. तरी आपण धडधाकट राहतो, कारण बिघाड दुरुस्त करणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत असते. मात्र दुरुस्तीला वेळ लागतो. आणि दुरुस्ती होण्यापूर्वीच नक्कल झाली, तर चूक कायमची होते.

विट्याचा यंत्रमाग

विट्याला यंत्रमाग चालताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. धोटा इकडून तिकडे धावत असतो आणि कापड विणले जात असते. मध्येच कांडीवरचे आडवे सूत तुटले किंवा संपले, तर माग आपोआप थांबतो. कामगार येतो, कांडी बदलतो, सूत नीट लावतो आणि मग माग पुन्हा सुरू करतो. ही थांबवणारी दांडी बिघडली तर? माग खडखडत चालूच राहील; पण कापडात फट पडेल आणि तो माल बाजारात कोणी घेणार नाही.

पेशीतही अशीच थांबवणारी व्यवस्था आहे. धागा तुटला हे सर्वात आधी ओळखणारी काही प्रथिने आहेत. त्यातले एक एटीएम. ते पुढच्या प्रथिनांना इशारा देते आणि निरोप पी-५३ नावाच्या प्रथिनापर्यंत पोचतो. एरवी पी-५३ पेशीत फार थोडे असते, कारण तयार झाले की लगेच नष्ट केले जाते. इजेचा इशारा मिळाला की त्याचा नाश थांबतो आणि ते साठू लागते. मग ते पी-२१ नावाचे दुसरे प्रथिन तयार करवते आणि पी-२१ विभाजनाच्या यंत्राला खीळ घालते. पेशी थांबते.

हे थांबे एकाच जागी नाहीत. पहिला थांबा नक्कल सुरू होण्याआधी आहे. दुसरा नक्कल चालू असताना, जिथे वेग कमी केला जातो. तिसरा नक्कल पुरी झाल्यावर, प्रत्यक्ष दोन पेशी होण्याच्या आधी आहे. पेशी थांबते, दुरुस्ती होते, खीळ निघते आणि काम पुढे सुरू होते. इजा दुरुस्त होण्यापलीकडची असेल, तर तेच पी-५३ पेशीला स्वतःहून मरायला लावते किंवा तिचे विभाजन कायमचे बंद करते. एक पेशी गेली तर शरीराचे काही बिघडत नाही. बिघडलेली पेशी वाढत राहिली तर मात्र सारे शरीर संकटात येते.

पी-५३ चा शोध १९७९ साली लागला. पुढे १९९२ मध्ये डेव्हिड लेन या शास्त्रज्ञाने त्याला आनुवंशिक माहितीचा राखणदार म्हटले. शेतावर राखणदार असतो ना, तसाच.

मळीतल्या किण्वाने दिलेला पुरावा

थांबण्यानेच पेशी वाचते, हे कशावरून? याचा पुरावा एका अगदी साध्या जिवाने दिला. आपल्या सांगली-सातारा भागात साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीपासून मद्यार्क काढतात. ते काम करणारे सूक्ष्म जीव म्हणजे किण्व, ज्याला आपण यीस्ट म्हणतो. पावही त्याच्यामुळेच फुगतो. यीस्ट हा एकाच पेशीचा जीव. पण त्याच्या विभाजनाची पद्धत आपल्या पेशींशी पुष्कळ मिळतीजुळती आहे.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल इथे लीलंड हार्टवेल आणि टेड वाइनर्ट या शास्त्रज्ञांनी यीस्टवर क्ष-किरण सोडले. निरोगी यीस्ट थांबले, त्याने धागा सांधला आणि मग पुन्हा वाढू लागले. पण रॅड-९ नावाचे जनुक बिघडलेले यीस्ट थांबलेच नाही. तुटक्या धाग्यानिशी विभागत गेले आणि मेले. यापुढे त्यांनी फार मार्मिक प्रयोग केला. त्याच बिघडलेल्या यीस्टला किरण दिल्यावर एका औषधाने काही तास मुद्दाम रोखून धरले. आता त्यातले पुष्कळसे वाचले! म्हणजे दुरुस्तीची हत्यारे त्यांच्याजवळ होतीच, उणीव होती ती फक्त थांबण्याची. हे संशोधन १९८८ साली प्रसिद्ध झाले आणि पेशीचक्रावरच्या कामाबद्दल हार्टवेल यांना टिम हंट आणि पॉल नर्स यांच्याबरोबर २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसातही असा पुरावा आहे. अ‍ॅटाक्सिया टेलँजिएक्टेशिया नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात मुलांचा चालताना तोल जातो, डोळ्यांत लाल शिरा दिसतात आणि कर्करोगाचा धोका फार वाढतो. अशा काही मुलांना १९६०च्या दशकात नेहमीच्या मात्रेने किरणोपचार दिले, तेव्हा त्यांना भयंकर इजा झाली. का, ते पुढे कळले. वर सांगितलेले एटीएम त्यांच्यात बिघडलेले असते. त्याचे जनुक १९९५ मध्ये सापडले. किरण लागले तरी त्यांच्या पेशी नीट थांबत नाहीत आणि दुरुस्तीही नीट होत नाही.

मिसरी दोन ठिकाणी घाव घालते

आपल्याकडच्या पुष्कळ बायका मिसरी लावतात. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटून पूड करायची आणि दात घासायच्या निमित्ताने दिवसातून तीन-चार वेळा हिरडीला लावायची. पुरुषांची तंबाखू चुन्याबरोबर मळून गालात धरलेली असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे एक-चतुर्थांश प्रौढांना कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखूची सवय आढळली आणि त्यातले बहुतेक धूर न काढता तंबाखू खाणारे किंवा लावणारे होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिसरीची डबी अजून घरोघरी आहे.

तंबाखूतली नायट्रोसमाइन वर्गातली रसायने डीएनएला चिकटतात आणि नक्कल करताना चुका होतात. या चुका कुठेही होऊ शकतात. वर्षानुवर्षे रोज चुका होत राहिल्या, की कधीतरी एखादी चूक नेमकी पी-५३ च्या जनुकावर पडते. म्हणजे धागा तोडणाराच माग थांबवणारी दांडीही मोडतो. तोंडाच्या कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक गाठींमध्ये पी-५३ चे जनुक बिघडलेले सापडते. त्यानंतर ती पेशी इजा झाली तरी पहिल्या थांब्यावर थांबत नाही, चुकांवर चुका साचत जातात आणि गाठ तयार होते.

बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात हेच वेगळ्या वाटेने घडते. मानवी पॅपिलोमा नावाचा विषाणू तिथल्या पेशीत शिरतो आणि त्याचे एक प्रथिन पी-५३ ला पकडून त्याचा नाश करवते. जनुक शाबूत असते, पण राखणदारच नाहीसा होतो. हा बिघाड वेळेवर शोधता येतो, हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राचा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करुग्णालयाचा सहभाग होता. ज्या गावांत या विषाणूची एकदा तपासणी केली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता शेकाचा हिशेब

मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. शेक म्हणजे काय? तर गाठीच्या किंवा गाठ काढलेल्या जागेच्या पेशींतला धागा मुद्दाम तोडणे. तोंडाच्या कर्करोगात एका शेकात साधारण २ ग्रे एवढी मात्रा देतात. तेवढ्याने एका पेशीत सुमारे ४० ते ८० ठिकाणी धाग्याचे दोन्ही पदर तुटतात. किरणांना चांगली पेशी आणि वाईट पेशी ओळखता येत नाही. दोघींचाही धागा तुटतो. मुलगा म्हणाला ते खरेच होते.

फरक पुढे पडतो. चांगल्या पेशीचे थांबे शाबूत असतात. ती थांबते, दुरुस्ती करते. दुरुस्तीचे बहुतेक काम पहिल्या सहा तासांत उरकते. दुसऱ्या दिवशीच्या शेकापर्यंत ती पुष्कळशी सावरलेली असते. कर्करोगाच्या पेशीचे थांबे मोडलेले असतात, दुरुस्तीही ढिसाळ असते. ती तुटक्या धाग्यानिशी विभागायला जाते आणि त्यातच मरते. सगळ्याच गाठी सारखी दाद देत नाहीत हेही खरे, काही चिवट असतात. पण हा रोजचा थोडाथोडा फरक तीस वेळा साठत जातो आणि शेवटी पारडे आपल्या बाजूला झुकते. सगळी मात्रा एकदाच दिली, तर चांगल्या पेशीलाही थांबून सांधायला सवड मिळणार नाही, ती जागाच जळून जाईल. म्हणून तीस हेलपाटे. आठवड्यातून पाच दिवस शेक आणि शनिवार-रविवार सुट्टी, असे सहा आठवडे.

मावशींच्या तोंडाचे काय? त्यांना मी सांगितले, "मावशी, तोंडाचे अस्तर रोज झिजते आणि खालून नवे येते. शेक चालू असताना खालच्या चांगल्या पेशी दुरुस्तीसाठी थांबल्या आहेत, काही मेल्याही आहेत. वरचे झिजतेय आणि खालून नवे यायला उशीर लागतोय. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलल्यासारखे होते. हा रोग वाढलेला नाही. शेक संपले की थांबलेल्या पेशी कामाला लागतील आणि दोन ते सहा आठवड्यांत तोंड भरून येईल."

"आन् मधीच सोडलं तर?" मुलाने विचारले.

सोडले तर चांगल्या पेशी सावरतील, हे खरे. पण ज्या कर्करोगाच्या पेशी अजून मेलेल्या नाहीत, त्यांनाही मोकळीक मिळेल. शिवाय उपचाराच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या गाठीच्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. तोंड-घशाच्या कर्करोगात उपचार जितके दिवस लांबतील, तितका गुण येण्याचा संभव दर दिवसाला सुमारे एक टक्क्याने कमी होतो. नेमक्या ज्या दिवसांत तोंड सर्वात जास्त दुखते, त्याच दिवसांत शेक बुडवणे सर्वात महाग पडते.

शेक चालू असताना

ज्यांच्या घरी शेकाचा रोगी आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

१) शेक सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. किडके दात आधीच काढून घ्यावेत. शेकानंतर विचारल्याशिवाय दात काढू नये, जबड्याचे हाड सडण्याची भीती असते.

२) मोठ्या ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून सहा-सात वेळा चुळा भराव्यात.

३) ठेचा, तिखट कालवण, कडक भाकरी, गरम चहा बंद. मऊ भात, पेज, आंबील, दूध, पातळ वरण, गार ताक, उकडलेले अंडे चालेल. वजन उतरू देऊ नये. गिळताच येत नसेल तर नाकातून नळी घालून अन्न देता येते, त्याला घाबरू नये.

४) शेकाच्या जागी बाम, हळद, तेल किंवा कसलाही लेप स्वतःच्या मनाने लावू नये.

५) मिसरी, तंबाखू, विडी पूर्ण बंद. उपचार चालू असताना ती चालू राहिली तर शेकाचा गुण कमी येतो आणि जखमा भरत नाहीत.

६) दुखणे सहन होत नसेल तर घरी परतण्याआधी तिथल्याच डॉक्टरांना सांगावे. दुखणे कमी करण्याची चांगली औषधे आहेत. शेक बुडालाच तर लपवू नये, बुडालेल्या दिवसांचा हिशेब त्यांना पुढे करता येतो.

खर्चाची चिंता असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे. एस.टी.च्या भाड्यातही कर्करोग्याला सवलत मिळते. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून आपल्या भागातली माणसे औषधपाण्यासाठी मिरजेची वाट धरत आली आहेत. आज मिरजेप्रमाणे कराडलाही शेकाची सोय आहे, मुंबई गाठावीच लागते असे नाही.

आणि ज्यांना अजून काही झालेले नाही, पण मिसरी किंवा तंबाखूची सवय आहे, त्यांनी महिन्यातून एकदा आरशापुढे उजेडात तोंड उघडून पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, यातले काहीही दिसले तर थांबू नये. या पायरीवर अनेकदा बिघाड वरच्या अस्तरापुरताच असतो आणि सवय सुटली तर काही चट्टे आपोआप जातातही.

मावशी पुढच्या सोमवारी मिरजेला परत गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी बुडालेल्या दिवसांचा हिशेब करून वेळापत्रक बदलले आणि राहिलेले १६ शेक पुरे झाले. दिवाळीनंतर त्या दाखवायला आल्या, तेव्हा तोंड भरून आले होते. दुधात कुस्करलेली भाकरी जाते म्हणाल्या. मिसरीची डबी सुनेने चुलीत टाकली, अशी तक्रारही त्यांनी केली. सुनेचे बरोबर होते, असे मी त्यांना सांगितले. अजून काही वर्षे त्यांना नेमाने तपासणीला यावे लागेल आणि ते त्यांना ठाऊक आहे.

आपल्या पेशीला इजा झाली की ती थांबते, सांधते आणि मग पुढे जाते. तिला तेवढा वेळ देणे डॉक्टरांच्या हाती आहे. तिचे थांबे मोडणारी तंबाखू दूर ठेवणे आपल्या हाती आहे. आणि एकदा शेक सुरू झाले की ते मोजून पुरे करणे, हे रोग्याच्या आणि घरच्या माणसांच्या हाती आहे.